एलिसेओचं कोपर

मी आयुष्यभर काय काम केलं हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीटसं समजलं नाही. "सून हाडांचे फोटो काढते," असं त्या नागपूरला शेजारीपाजारी सांगायच्या, आणि मग घाईघाईने जोडायच्या, "पण डॉक्टर आहे हो!"

खरं तर फोटोसुद्धा मी काढत नव्हते. ते काम टेक्निशियनचं. मी रेडिऑलॉजिस्ट. अंधाऱ्या खोलीत बसून, उजेडाच्या पेटीवर एकेक एक्स-रे लावायचा, वाचायचा आणि काय दिसतं ते टेपवर बोलून ठेवायचं. पेशंटचा चेहरा बहुधा दिसायचाच नाही. एखाद्या माणसाचं फुफ्फुस मी वर्षानुवर्षं ओळखत असायचे आणि तोच माणूस ग्रोसरीच्या रांगेत माझ्या पुढे उभा असला तरी मला पत्ता नसायचा. माझी मुलगी नेहा लहानपणी मैत्रिणींना सांगायची, "माय मॉम लुक्स अ‍ॅट घोस्ट्स." मला ते आवडायचं. काळ्या फिल्मवर पांढुरकी माणसं, भुतंच ती. नेहाचं ते वाक्य मी गमतीने घेत असे, तो काळ ज्या दिवशी संपला त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे. नावं मी बदलली आहेत. या गोष्टीत ते जरा विचित्रच वाटेल, पण इलाज नाही.

ऐंशीचं दशक. आम्ही पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या शहरापासून तासाभरावर, डोंगरांच्या कुशीतल्या एका गावात राहत होतो. माझे यजमान सुधीर तिथल्या कारखान्यात इंजिनियर होते. तूरडाळ संपली की आम्ही गाडी काढून थेट न्यू जर्सीत, एडिसनला जायचो. गावात एक हॉस्पिटल, तीन-चार चर्चेस, आणि एक छोटं बेसबॉल स्टेडियम. तिथली टीम म्हणजे एका बड्या टीमची शिकाऊ पोरांची शाखा. तिथे जो चमकेल तो पायरी-पायरीने वर जाणार, बाकीचे घरी. या पोरांच्या दुखापती आमच्या हॉस्पिटलात यायच्या.

त्यातले कितीतरी पिचर कॅरिबियन बेटांवरचे असत. उसाच्या शेतांतून आणि मासेमारीच्या गावांतून आलेले. ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपला बोलर धावत येतो आणि हात सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचर मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभा राहतो आणि खांदा मागे पिळून, कोपर वाकवून, आसूड ओढावा तसा चेंडू फेकतो. माणसाचा हात यासाठी घडलेलाच नाही. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणून ताणून जीर्ण होतो, हाडावर हाड आदळून काटे फुटतात, आणि एक दिवस हात जातो. हात गेला की अमेरिका गेली. म्हणून ही पोरं एक्स-रेच्या टेबलावर अशी झोपायची, जणू कोर्टात निकालाला उभी आहेत.

एकेक नमुने होते. एकाने गळ्यातलं संताचं पदक काढायला ठाम नकार दिला; शेवटी आमच्या टेक्निशियनने, डॉटने, ते त्याच्या पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टीने बांधलं. प्वेर्तो रिकोचा एक वयस्क गडी होता, त्याचं कोपर कायमचं आखडलेलं. तो घास तोंडाकडे नेण्याऐवजी तोंड घासाकडे न्यायचा, आणि तरी मैदानावर उतरला की भल्याभल्यांना गारद करायचा. त्याची फिल्म मी विद्यार्थ्यांना दाखवत असे. "हा हात हलतो कसा?" असं ते विचारत.

आणि मग एलिसेओ आला.

डोमिनिकन रिपब्लिकचा. उंच, शेलाटा, नम्र. कागदोपत्री अठरा वर्षांचा. त्या उन्हाळ्यात गावात सगळीकडे त्याचंच नाव होतं, कारण त्याचा चेंडू दिसायच्या आधी चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या हातमोज्यात वाजलेला ऐकू यायचा. बड्या टीमला त्याला एकदम दोन पायऱ्या वर न्यायचं होतं. पण कुठून तरी कुजबुज सुरू झाली की पोरगा सांगतो त्याहून मोठा आहे. अठराव्या वर्षी असा चेंडू म्हणजे चमत्कार. बाविसाव्या वर्षी नुसतंच बरं. म्हणून टीमच्या ट्रेनरने, हँकने, त्याला आमच्याकडे आणलं. खांदा आणि कोपर बघा, वयाचा अंदाज द्या, असं सांगितलं.

हाडांवरून वय ओळखता येतं ते असं. वाढत्या वयात हाडांची टोकं मूळ हाडाला पूर्ण जुळलेली नसतात. मधे कूर्चा असते. फिल्मवर ती काळी फट दिसते. लहान मुलाचं कोपर म्हणजे तर कोणी मूठभर खडे सांडल्यासारखं दिसतं. वय वाढतं तशा या फटी ठरलेल्या क्रमाने बुजतात. कोपराच्या आधी, खांद्याच्या नंतर.

हँकने जाता जाता मला एक गोष्ट सांगितली. "गुणी पोरगा आहे, डॉक्टर. पण एक खोड आहे. स्टेडियमच्या स्पीकरवर त्याचं नाव पुकारलं की तो मागे वळून बघतो. दर वेळी. मागे कोणीच नसतं."

सकाळची वेळ होती. डॉटने फिल्म आणून दिल्या. मी कोपराची पहिली पेटीवर लावली आणि हसले.

"डॉट, हे कोणाचं लावलंस? हे लहान मुलाचं कोपर आहे."

खरंच होतं ते. इवलंसं हाड, सुटी सुटी टोकं, चांगल्या उघड्या फटी. कोपराच्या जरा वर एक जुना मोड होता. जुळून आलेला, पण किंचित वाकडा. कोपऱ्यात डॉटने उमटवलेलं नाव होतं, एलिसेओ, आणि त्या दिवसाची तारीख.

डॉट आली, तिने फिल्म पाहिली. ती जुनी, हाडाची टेक्निशियन. तिच्या हातून फिल्म बदलली गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "आज सकाळपासून एकही लहान मूल आलेलं नाही."

"मग कालची असेल."

"फिल्मची कॅसेट मी माझ्या हाताने भरली, डॉक्टर." ती दाराला टेकून उभी राहिली. "तुम्ही हसाल म्हणून बोलणार नव्हते. मी बाहेर येऊन त्याचं नाव पुकारलं. कपडे बदलायच्या खोलीच्या पडद्याआडून 'सी' असा आवाज आला, त्यांच्या भाषेतलं 'हो'. लहान मुलाचा आवाज. मी पडदा सारला तर आत कोणी नाही. आणि तो बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा, नळाचं पाणी पीत होता."

मी हसले नाही. "परत काढ," एवढंच म्हणाले.

दुसरी फिल्म आली ती अगदी जशी यायला हवी तशी. पिचरचं कोपर. जाड झालेलं हाड, आतल्या कडेला एक कोवळा काटा, सगळ्या फटी बुजलेल्या. जुन्या मोडाची खूण कुठेही नाही. खांद्याची फिल्मही स्पष्ट होती. पोरगा विशीच्या पुढचा होता, यात मला शंका राहिली नाही.

आमचे सीनियर डॉ. वॉल्श शेजारच्या खोलीत बसत. मी ती पहिली फिल्म काहीही न सांगता त्यांच्यासमोर धरली.

"अकरा-बारा वर्षांचा मुलगा," ते म्हणाले. "जुना मोड आहे, गावठी पद्धतीने बांधलेला असावा. तक्रार काय आहे?"

"नाव वाचा."

त्यांनी वाचलं. टीमचे ते भक्त होते, नाव ओळखलं. आम्ही मिळून सगळी नोंद तपासली, बालविभागाला फोन केला, इमर्जन्सीला विचारलं. त्या सकाळी कोणा लहान मुलाचा हात कुठेच तपासला गेला नव्हता. मग डॉ. वॉल्श उठले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून खोलीतला मोठा दिवा लावला. एक्स-रे वाचायच्या खोलीत तो दिवा कोणी लावत नाही. झाडणारी बाई सोडली तर तो लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी जेवताना घरी सांगितलं. सुधीर म्हणाले, "अगं, स्वॅप झाली असेल फिल्म. आमच्या प्लँटमध्ये सँपल रोज मिक्सअप होतात. एवढं काय टेन्शन घेतेस?"

"मग त्या मुलाची कुठे आहे? कोणत्या तरी मुलाची फिल्म कमी पडायला नको का?"

सुधीर वरणभात कालवत राहिले. नेहा म्हणाली, "आई, स्टॉप. दॅट्स सो क्रीपी," आणि ताट घेऊन टीव्हीसमोर गेली.

रिपोर्ट मी अजून टेपवर बोलले नव्हते. जे दिसतं ते लिहायचं, हा आमचा धर्म. खांदा विशीपुढचा दिसतो हे लिहिणं मला भाग होतं. पण ते लिहिलं की त्या पोराचा खेळ खलास. आणि ती लहान मुलाची फिल्म? तिचं काय लिहू? शेवटी मी जे कधी करत नसे ते केलं. पेशंटला भेटायला बोलावलं.

त्याला इंग्रजी बेताचंच येत होतं. आमच्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये कार्मेन नावाची प्वेर्तो रिकोची बाई होती, माझ्याच वयाची, बोलघेवडी. तिला दुभाषी म्हणून बसवलं. मी खांद्याची फिल्म लावली आणि म्हटलं, "हा खांदा अठराचा नाही. मला हे लिहावं लागेल. पण आधी तुला सांगावंसं वाटलं."

त्याने मान डोलावली. वाद नाही, रडणं नाही. जणू बऱ्याच दिवसांपासून तो हेच ऐकायची वाट बघत होता.

मग माझं धाडस होईना, तरी मी ती लहान मुलाची फिल्म लावली. काही बोलले नाही. ती कोणाची, कुठून आली, काहीच नाही.

तो खुर्चीवरून उठला. पेटीजवळ गेला आणि त्या वाकड्या जागेवर बोट ठेवलं, बरोबर मोडावर. अगदी हळू म्हणाला, "एलिसेओ."

कार्मेनला वाटलं तो स्वतःचं नाव सांगतोय. "हो रे बाबा, तूच," ती म्हणाली. त्याने नकारार्थी मान हलवली आणि बोलायला लागला. कार्मेन दोन वाक्यं सांगायची, मग ऐकत बसायची आणि सांगायचं विसरायची. मला तिच्या दंडाला हात लावून जागं करावं लागे.

त्याचं खरं नाव रामिरो. एलिसेओ त्याचा धाकटा भाऊ. पेरूच्या झाडावरून पडून त्याचा हात मोडला होता. गावच्या म्हाताऱ्याने कामट्या लावून बांधला, तो वाकडाच जुळला. तरी त्या वाकड्या हाताने तो दिवसभर लिंबं फेकायचा, चिंध्यांचे चेंडू फेकायचा. भावाबरोबर अमेरिकेत जायचं असा त्याचा हट्ट होता. बाराव्या वर्षी तो साखर कारखान्याच्या कालव्यात बुडाला.

पुढे रामिरोचा हात चांगला तयार झाला आणि गावात एक दलाल आला. तो म्हणाला, पोराचं वय जास्त झालंय, पण धाकट्याचं वय अगदी हवं तसं आहे. त्याचं नाव घे. चौकशीला येणाऱ्यांना काय सांगायचं? सांगायचं, बुडाला तो थोरला. दलालाने कबरस्तानात स्वतः जाऊन क्रूसावरचं नाव रंगवून बदललं. आईला बजावलं, आता परक्या माणसांसमोर धाकट्याचं नाव मेलेल्याचं म्हणून घ्यायचं नाही.

"मी माझी कबर पाहिलीय," रामिरो म्हणाला. "आई रविवारी तिथे फुलं ठेवते. माझ्या नावावर."

कार्मेनने छातीवर क्रूसाची खूण केली. मी विचारलं, "तू मैदानावर मागे वळून का बघतोस?"

कार्मेनने प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि वळून त्याच्या पाठीमागे पाहिलं. मी म्हटलं, "कार्मेन?"

"तो म्हणतोय, स्पीकरवर एलिसेओचं नाव पुकारतात ना, म्हणून एलिसेओ येतो. त्याला वाटतं त्यालाच बोलावलंय. येऊन याच्या मागे उभा राहतो."

"काय करतो?"

"काही नाही. त्याला कधी खेळायला मिळेल याची वाट बघतो."

खोलीत पेटीचा तेवढा उजेड होता. मी घाबरले होते का? होते. पण त्याहून जास्त त्या धाकट्याची कणव आली. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला नाही की माणसं काय काय कबूल करतात, नदीकाठी उभं राहून गेलेल्याला विनवतात. इथे तर त्या पोराला तू गेलास असं सांगायचीच चोरी होती. त्याचं नाव दर दोन-चार दिवसांनी भर मैदानात गर्जत होतं.

रामिरो म्हणाला, "मी मोठा होत गेलो, डॉक्टर. तो तेवढाच आहे. त्याचं मला वाईट वाटतं." मग म्हणाला, "तुम्ही लिहा. पण मला आज आधी जाऊन सांगू द्या."

दुपारी मी आणि कार्मेन त्याच्याबरोबर स्टेडियमवर गेलो. टीमचा मॅनेजर तंबाखू चघळणारा, जाडजूड, तिरसट माणूस. रामिरोने उभ्यानेच सगळं सांगितलं. भुताचं नाही, नावाचं, वयाचं, भावाच्या मरणाचं. मॅनेजरने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तू काय घालवतोयस, कळतंय ना तुला?" त्याने विचारलं. कार्मेनला भाषांतर करावं लागलं नाही.

"कळतंय," रामिरो म्हणाला. "एकदा माझ्या नावाने खेळू द्या."

मॅनेजर खिडकीतून मैदानाकडे बघत राहिला. "वरच्या ऑफिसला मी उद्या फोन करतो," तो शेवटी म्हणाला. "आज माझा पिचर तू आहेस." आणि त्याने आतल्या फोनवरून अनाउन्सरला बोलावून घेतलं.

मॅच दिवसाउजेडीच होती. आम्ही दोघी कुंपणालगत बसलो. स्पीकरवर आवाज आला, जरा अडखळत, "पिचर, रामिरो." लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणी तरी ओरडलं, "हा कोण नवा?"

रामिरो उंचवट्यावर उभा होता. त्याने मागे वळून पाहिलं. या वेळी चटकन नाही. चांगला निवांत वळला आणि बराच वेळ पाहत राहिला. माझी नजर त्याच्या नजरेमागे गेली. मागे लांबवर मोकळी हिरवळ, आणि मधोमध उभा एक फील्डर. त्या फील्डरने दोन पावलं बाजूला घेतली, दारात कोणी आलं की आपण जायला वाट देतो तशी. वारा नव्हता. तिथे कोणी नव्हतं. पुढे कधी तरी मी हँकमार्फत त्या फील्डरला विचारलं. तो म्हणाला, मी जागचा हललोच नाही. कार्मेनने मात्र तेव्हा माझं मनगट घट्ट धरलं होतं, एवढं मला आठवतं.

मग रामिरो पुढे वळला आणि त्याने चेंडू फेकला. त्या दिवशी त्याने कसा खेळ केला हे खेळ कळणाऱ्यांनी सांगावं. मला इतकंच दिसलं की मॅच संपेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.

वरच्या ऑफिसने जे करायचं ते केलं. त्याला परत पाठवलं. जायच्या आधी तो हॉस्पिटलात आला आणि त्याने ती लहान मुलाची फिल्म मागितली. हॉस्पिटलच्या नियमाने पेशंटची मूळ फिल्म बाहेर द्यायची नसते. मी डॉ. वॉल्शना विचारायला गेले. ते मान वर न करता म्हणाले, "ही आपल्या कोणत्याही पेशंटची नाही. मग नियम कसला?" मी ती दोन पुठ्ठ्यांत घालून दिली. रामिरोने ती छातीशी धरली आणि माझ्या पाया पडल्यासारखा वाकला. मी त्याला उभं केलं.

पुढे तो काही वर्षं मेक्सिकोत खेळला, स्वतःच्या नावाने. बड्या टीमपर्यंत कधी पोचला नाही. नंतर त्याचा खांदा गेला, सगळ्यांचे जातात तसा. आता गावात मुलांना शिकवतो म्हणे. माझा रिपोर्ट खरा होता आणि तरी तो बोलून ठेवताना माझा आवाज टेपवर नीट उमटेना, दोनदा पुसून पुन्हा बोलावं लागलं. त्या फिल्मचा खुलासा मला तेव्हा सापडला नाही, आजही सापडलेला नाही. सुधीर अजून "स्वॅप" म्हणतात. म्हणोत.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत कार्मेन मला किचनमधल्या फोनपाशी घेऊन गेली. पलीकडे रामिरो होता, कबरस्तानाजवळच्या दुकानातून बोलत होता. क्रूसावरचं खोटं नाव खरवडून काढलं होतं आणि खरं लिहिलं होतं. पाद्रीबाबांनी एलिसेओच्या नावाने प्रार्थना म्हटली होती, इतक्या वर्षांनी पुन्हा एकदा. मग त्याची आई फोनवर आली. मला तिची भाषा कळत नव्हती. तिचा संथ, थकलेला आवाज तेवढा ऐकू येत होता. कार्मेनने माझ्या हातून फोन घेतला, ऐकला, आणि डोळे पुसत मला सांगितलं:

"ती म्हणतेय, आता माझा जो मुलगा जिवंत आहे तो जिवंत आहे आणि जो गेला तो गेलेला आहे. इतकी वर्षं उलटं होतं."